आत्याची घरबसल्या सफर

“अहो, तुम्ही चित्रात येताय!”

पुष्कळ वर्षं झाली त्याला, पण ते वाक्य आठवलं की अजूनही तिच्या ओठांवर हसू येतं. चित्रसंग्रहालयात लोकांना चित्रं समजावून सांगणं हे तिचं रोजचं काम; स्वतःच चित्रात येण्याची पाळी पहिल्यांदाच आली होती. दालनाच्या मधोमध एक इवलासा कॅमेरा, आणि खांबाआडून डोकावणारा एक तरुण – विस्कटलेले केस, मिश्कील डोळे.

“हा चारी बाजूंचं टिपतो. लपायचं असेल तर... इथंच जागा आहे.”

खांब काही फार रुंद नव्हता.

ज्यांना संग्रहालयाच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यांना घरबसल्या दालनं फिरता यावीत म्हणून तो हे टिपत होता. सोबतची माहिती तिच्या आवाजात द्यायचं ठरलं, आणि दालनामागून दालन दोघांची लपाछपी सुरू झाली.

“तुम्ही ‘निळा’ म्हणालात ना, की तो जरा जास्तच निळा दिसतो.”

“कामाकडे लक्ष द्या,” ती म्हणाली खरी... पण घरी जाताना तिनं आभाळाकडे दोनदा पाहिलं.

शेवटचं दालन संपलं. त्याला दुसऱ्या गावी काम होतं.

“लोकांना देण्याआधी हे कुणाला तरी दाखवून बघायला हवं,” तो घुटमळत म्हणाला.

“माझी आत्या आहे. तिनंच बोट धरून मला इथं आणलं होतं. गुडघे गेले आणि तिचं येणं थांबलं.”

रविवारी तो घरी आला. आत्याच्या डोळ्यांवर त्यानं एक जाडजूड चष्मा चढवला – टिपलेली दालनं आत चौफेर दिसतील असा. खुर्चीत बसल्या बसल्या आत्या मान वळवू लागली.

“अगं बाई... हीच ती खिडकी! इथंच रुसून बसली होतीस. उठायलाच तयार नव्हतीस!”

चष्म्याखालून एक थेंब ओघळला. तिचेही डोळे भरून आले. तो तिच्याजवळ सरकला आणि कुजबुजला,

“उद्या निघायचंय मला. पण तुमच्याशिवाय... म्हणजे, तुम्ही माझ्याशी... लग्न...”

“डोळे झाकलेत माझे, कान नाहीत!” आत्या कडाडली. “त्या पोराला ताटकळत ठेवू नकोस. हो म्हण की गं!”

ती ‘हो’ म्हणाली. इतकं हळू, की ते फक्त त्यालाच ऐकू गेलं... आणि अर्थात, आत्याला.