बंद कपाटातला ठोका

"टक्!"

पत्ते वाटता वाटता ताईचा हात थांबला. "ऐकलंत?"

"मी नाही ऐकलं!" धाकटा टिल्लू घाईघाईने म्हणाला आणि तिला चिकटून बसला.

"न ऐकताच घाबरलास? कमाल आहे!" चष्म्यामुळे सगळे ज्याला प्रोफेसर म्हणत, तो मामेभाऊ म्हणाला. पण त्यानेही पाय उचलून बाकावर घेतले.

घरगाडी दुपारपासून वाळूवर उभी होती, आणि आता संध्याकाळचे सहा वाजले होते. इंजिन बंद. बाहेर धुकं इतकं दाट, की समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. आणि आवाज आला होता आजोबांच्या बंद कपाटातून!

आजोबा सुतार होते. या जुन्या व्हॅनमधले झोपायचे बाक, घडीचं टेबल, सगळं त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं. दर सुट्टीत ते सगळ्यांना समुद्रकाठाने फिरवत. यंदाची सुट्टी त्यांच्याविना पहिलीच. ते गेल्यापासून आईने ते कपाट उघडलं नव्हतं. किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत असे.

"टक्... टक्!"

"आजोबा असंच वाजवायचे," टिल्लू कुजबुजला. "आत येण्याआधी. स्वतःच्याच गाडीत!"

ताईने बाकावर घोरणाऱ्या मामाला हलवलं. "मामा, ऊठ! कपाटात कुणीतरी आहे!"

"त्याला म्हणावं, चहा टाक." मामाने कूस बदलली. "वारा आहे गं तो."

"आणि भरती आली असेल तर?"

"भरती रात्री नऊला. दारावर आजोबांचा तक्ता आहे, वाच आणि झोपू दे!"

प्रोफेसर तक्त्याला नाक लावून उभा राहिला. पेन्सिलीने लिहिलेली तारीख, वार, वेळ. एकदम तो वळला. "ताई, आज वार कुठला?"

"शुक्रवार."

"इथे आजच्या तारखेपुढे गुरुवार आहे. हा गेल्या वर्षीचा तक्ता आहे! भरतीची वेळ दर वर्षी बदलते!"

नवा तक्ता दरवर्षी आजोबाच लावत.

टिल्लूने खिशातली गोटी जमिनीवर ठेवली. ती हळूच निघाली आणि घरंगळत थेट समुद्राकडच्या दारावर आपटली. दुपारी गाडी थांबली तेव्हा हीच गोटी जागची हलली नव्हती! ताईने धाडकन दार उघडलं.

"मामा, तुझी चप्पल पोहतेय!"

आता मात्र मामा ताडकन उठला. समुद्राकडची चाकं वाळूत रुतली होती आणि त्यांच्याभोवती पाणी फेसाळत होतं. मामाने गाडी सुरू केली. चाकं जागच्या जागी फिरली आणि आणखी खोल गेली. टक्! टक्! टक्!

"चाकांखाली फळ्या हव्यात!" मामा ओरडला.

"आजोबा फळ्या कपाटातच ठेवायचे," ताई म्हणाली.

सगळे आईकडे बघू लागले. ती पुढच्या सीटवर पुस्तक घेऊन बसली होती. तासाभरात तिने एकही पान उलटलं नव्हतं.

"अक्का, दार तोडू का?" मामाने विचारलं.

"नको!"

ताई आईजवळ गेली. "आई, गाडी गेली तर कपाटही जाईल. मग आजोबांचं काहीच उरणार नाही गं."

आई उठली. किल्ली कुलपात बसेना, तेव्हा ताईने तिच्या हाताखाली हात धरला. दार उघडलं. आत दोन फळ्या, घडी केलेला स्वेटर आणि वरून दोरीला लटकणारा पितळी ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायचा. गाडी सरळ असली की तो मधोमध राही. आता तो बाजूच्या लाकडाला टेकला होता आणि वाऱ्याने गाडी हलली की वाजत होता. दाराच्या आतल्या बाजूला जाड पेन्सिलीने लिहिलं होतं : "ठोका ऐकू आला म्हणजे गाडी कलली. आधी गाडी हलवा, मग भांडा."

"हे मला म्हटलंय. दर वेळी भांडणारा मीच," मामा पुटपुटला आणि त्याने फळ्या उचलल्या.

फळ्या चाकांखाली गेल्या. आईने स्टिअरिंग धरलं. बाकीच्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून रेटा दिला. "एक, दोन, तीऽऽन!" गाडी गचके खात निघाली आणि वरच्या रस्त्यावर येऊनच थांबली.

"मानलं तुम्हाला, पोरांनो!" मामा धापा टाकत म्हणाला. "मी झोपून राहिलो असतो, तर चपलेमागोमाग आपणही निघालो असतो!"

"आजोबांनी तुमची पाठ थोपटली असती," आई म्हणाली. कपाटाला तिने कुलूप लावलं नाही.

कोरडे कपडे घालून सगळे आत बसले. ओळंबा मधोमध, अगदी स्तब्ध.

"आता नाही वाजणार?" टिल्लूने विचारलं.

"गाडी सरळ उभी आहे ना!" प्रोफेसर म्हणाला.

टिल्लू काही न बोलता समुद्राकडच्या बाकावर जाऊन बसला. ओळंबा जरासा हलला. मग ताई सरकली. मग प्रोफेसर. मामाने आपलं अख्खं वजन तिकडे टाकलं. तरी ओळंबा आणि लाकूड यांच्यात बोटभर अंतर उरलंच.

"सरका जरा," आई म्हणाली, आणि त्यांच्यात येऊन बसली.

टक्.