मास्तरांनी निवडलेली जोडी

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

ज्याच्यावर हे बेतलं तो एर्मेक, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. हा माणूस भुताखेतांवर सोडाच, दुसऱ्या माणसाच्या शब्दावरही विश्वास ठेवत नसे.

गेल्या ऑगस्टची भर दुपार. आमच्या कारा-बाल्ता गावाहून सूसामीरच्या कुरणांकडे जाणारा तो-आशू घाट, माथ्यावर बोगदा.

एर्मेकचं कारा-बाल्तात मोटारसायकलच्या टायरांचं दुकान आहे. टायर बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. माणसांना तुच्छ लेखण्यातही नाही. गिऱ्हाईक नक्षी न्याहाळायला लागलं की हा म्हणायचा, "गालिचा घेताय का? मग घरी नेऊन भिंतीवर टांगा."

त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबरात झारलिक मास्तर आले होते. शाळेत एर्मेकला भूगोल शिकवलेले. दर शनिवारी घाटापलीकडे म्हाताऱ्या आईकडे जायचे.

त्यांनी अर्धा तास लावून एक जोडी निवडली. नरम रबराची. पाणी बाहेर फेकायला खोल चर, चिमणीच्या पायासारखे फाटे फुटलेले.

"पावसात धरतील ना रे?"

"मास्तर, मोटारसायकल चालवणार आहात की होडी?"

"इकडे ऊन असलं तरी बोगद्यापलीकडे पाऊस असतो, एर्मेक. वर्गात सांगितलं होतं मी."

"तेव्हा झोपलो होतो. आजही झोपच येतेय."

मास्तर हसले. टायरांच्या आतल्या बाजूला खडूने स्वतःचं नाव लिहिलं आणि समोर चहा प्यायला गेले.

एर्मेकने ती जोडी खुंटीला टांगली. असलं चांगलं रबर या गोगलगायीला कशाला? एखाद्या खऱ्या चालवणाऱ्याला देऊ. त्याने कडक रबराची जोडी बसवली. कोरड्या रस्त्याला उत्तम, वर्षानुवर्षं न झिजणारी. ओल्यात मात्र साबणासारखी.

मास्तरांनी येऊन अंगठा फिरवला. चष्मा समोर चहाच्या टेबलावरच राहिला होता.

"हीच ना मी निवडलेली?"

"हो हो, तीच. निघा आता."

तिसऱ्या शनिवारी, बोगद्यातून बाहेर पडल्यावर पहिल्याच वळणावर मास्तर गेले. पाऊस होता.

मातीला गेलेल्या लोकांत एर्मेक मोठ्याने म्हणाला, "ब्रेक कधी मारायचा तेवढंही कळत नव्हतं."

खुंटीवरच्या जोडीचं त्यालाच ठाऊक होतं. खडूचं नाव त्याने पुसलं. जोडी मात्र विकली नाही. घेणाऱ्यांचीच लायकी नाही, म्हणायचा.

आता ऑगस्टची ती दुपार.

ताई घाटापलीकडे कुरणावर, आमच्या तंबूत होती. तिच्या बाळाचा चाळिसावा दिवस. त्या दिवशी तान्ह्याच्या अंगावर चाळीस चमचे पाणी घालतात, चाळीस घरच्या चिंध्यांचं झबलं घालतात. ताईने निरोप धाडला होता, "शेवटचा चमचा तुम्ही घालायचा. तुम्ही आल्याशिवाय मी लेकराला कोरडं करणार नाही."

"बायकांचे खेळ," म्हणत एर्मेक निघाला. त्याच्या गाडीलाही तसलीच कडक जोडी होती.

ऊन लख्ख. रस्ता खडखडीत कोरडा.

अर्ध्या घाटात त्याला दिसली... रस्त्यावर पाण्याची एक ओली रेघ.

एका मोटारसायकलच्या चाकाची. ताजी. इतक्या उन्हातही सुकत नव्हती.

लोक चेहरे ओळखतात तसे एर्मेक टायरचे ठसे ओळखतो. खोल चर. चिमणीचे पाय...

ती नक्षी गावात एकाच जोडीला होती. आणि ती जोडी कुलपाआड, खुंटीवर होती.

"कुणीतरी बाहेरून मागवली असेल. भित्रा लेकाचा!" तो स्वतःशीच म्हणाला आणि वेग वाढवला.

पुढे इंजिनाचा आवाज येत होता. दर वळणापलीकडे. वळण घेतलं की... रस्ता रिकामा.

रेघ बोगद्यात शिरली. तोही शिरला.

आत पुढे लाल दिवा नव्हता. धूर नव्हता. मघाचं इंजिनही आता ऐकू येत नव्हतं. मग लक्षात आलं, स्वतःच्या गाडीचा आवाजही येत नाहीये. गाडी तर धावतेय...

आणि हेल्मेटच्या आत, कानाला लागून कुणीतरी विचारलं,

"पावसात धरतील ना रे?"

एर्मेकने दोन्ही ब्रेक दाबले. कोरडा रस्ता होता म्हणून गाडी थांबली. बोगद्याच्या तोंडापासून हातभर आत.

ओली रेघ तिथेच संपली होती.

बाहेर गारांचा पांढरा थर. पहिल्या वळणावर एक ट्रक रस्ताभर आडवा. तो त्याच वेगात बाहेर पडला असता तर सरळ ट्रकखाली गेला असता.

ट्रकवाला गारठलेला. म्हणाला, "दादा, तुझ्या पुढचा कुठे गेला?"

"माझ्या पुढे कुणी नव्हतं."

"होता की! इथवर येऊन आत्ता पुन्हा बोगद्यात शिरला. म्हणाला, मागून माझा विद्यार्थी येतोय, त्याला थांबवतो."

वळणावर मास्तरांच्या नावाचा दगड आहे. थडग्यापाशी, दगडापाशी सगळेच ओंजळ तोंडावरून फिरवून दुवा करतात. एर्मेक वर्षभर तिथून न थांबता जायचा. "दोन्ही हात सोडून गाडी तुझा बाप चालवेल?" असं म्हणायचा.

त्या दिवशी तो गाडी ढकलत गेला. दोन्ही हात फिरवले.

तो तंबूत आला तेव्हा बाळ ओल्या अंगाने ताईच्या कुशीत होतं. शेवटचा चमचा त्यानेच घातला. अर्धा सांडला. मग ताईजवळ, माझ्यादेखत, जोडीची सगळी गोष्ट ओकून टाकली. ताईने त्या रात्री त्याचं अंथरूण तंबूच्या दाराशी घातलं.

गावी परतल्यावर त्याने कुलूप काढलं.

नव्या टायरावर रबराचे बारीक केस असतात, बाळाच्या जावळासारखे. एक चक्कर झाली की झडतात. खुंटीवरच्या जोडीचे वर्षभर तसेच होते...

आता एकही नव्हता. चरांत घाटातली खडी रुतलेली. खाली फरशीवर पाणी.

आणि आत, पुसलेलं नाव. पुन्हा खडूने लिहिलेलं. भूगोलाच्या फळ्यावरचं ते वळणदार अक्षर.

एर्मेक आता गिऱ्हाइकाला आधी विचारतो, रस्ता कुठला, पाऊस किती. कुणी हसलं तरी पुन्हा विचारतो.

जोडी दर शनिवारी झिजत गेली. या वसंतात रबराखालचा दोरा दिसायला लागला, तेव्हा त्याने तशीच नवी मागवली. आत मास्तरांचं नाव घालून त्याच खुंटीला टांगली.

परवा मी बाळाला घेऊन दुकानात गेले होते. त्याने टायराकडे हात पसरले, आजोबांकडे झेपावतं तसे.

मी वाकून बघितलं.

नव्या जोडीचेही केस झडलेत.