शुक्रवारी येतो, असं तो म्हणाला होता

तुम्ही चोरी केलीत. एका मुलाच्या तोंडचं वाक्य उचललंत, त्याच्या खाली भलतंच लिहिलंत आणि जाहिरातींसकट देशभर दाखवलंत. तुमचं नाव इथे घ्यायची गरज नाही. दर मंगळवारी टीव्हीवर तुमची मालिका ‘पथक नऊ’ संपली की काळ्या पडद्यावर ते सगळ्यांत मोठ्या अक्षरांत येतंच. ज्या दोघांची नावं तिथे कधीच येत नाहीत, त्यांची गोष्ट ऐका. नीट बसा. मध्ये उठायचं नाही.

लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमध्ये नीलमोहर फुलला होता. फुटपाथ, गाड्यांच्या काचा, कचऱ्याचे डबे — सगळं जांभळं. नहरीन स्टुडिओच्या दाराशी एका पायावर उभी राहून चपलेला चिकटलेलं फूल काढत होती, भिंतीला हात टेकून... आणि तोल गेला.

“पडलीस तर जोरात ओरड,” मागून कोणीतरी अरबीत म्हणालं. “आज त्यांना किंकाळ्याच हव्यात.”

ती सावरली. वळून पाहिलं. उंच, किडकिडीत मुलगा, हसू दाबून उभा. कुरळ्या केसांत एक जांभळं फूल अडकलेलं, आणि त्याचा त्याला पत्ताच नाही.

“मला अरबी येतं हे कोणी सांगितलं तुला?”

“मघाशी फोनवर बोलत होतीस. प्रत्येक ‘र’ घशात ढकलत होतीस. मोसुलशिवाय कोण करतं तसं?”

“आणि तू शब्द असा लांबवतोस की चहा निवून जावा. अलेप्पो?”

“अलेप्पोचा आर्मेनियन. म्हणजे तिथेही परका, इथेही परका. वाहे.”

“नहरीन. तुझ्या डोक्यात फूल आहे.”

“राहू दे. इथे फुकट मिळालेली वस्तू मी परत करत नाही.”

ती हसली नाही. म्हणजे, आत जाईपर्यंत तरी नाही.

आत अंधार, भिंतीएवढा पडदा आणि मधोमध एक मायक्रोफोन. चित्रीकरणात गर्दीतली माणसं नुसते ओठ हलवतात. त्यांची कुजबुज नंतर इथे भरतात. ज्यांचे चेहरे कधी दिसत नाहीत अशी माणसं दोघादोघांच्या जोडीने मायक्रोफोनभोवती गोल गोल फिरतात आणि बोलत राहतात. झाला बाजार. ह्या मंडळींची म्होरकी मार्नी पायांत लोकरीचे मोजे घालून यायची आणि सगळ्यांनाही घालायला लावायची, पावलं वाजू नयेत म्हणून. तिचे नियम ठरलेले. नाव घ्यायचं नाही. हसायचं नाही. कानाला टोचेल असं काही बोलायचं नाही.

“भाजीबद्दल बोला,” ती म्हणायची. “भाजीने कोणाचं वाईट होत नाही.”

नहरीनची नेहमीची जोडीदारीण त्या दिवशी आली नव्हती. मार्नीने तिला वाहेशेजारी ढकललं. दिवा लाल झाला, आणि दोघं मोज्यांतल्या पावलांनी निघाली.

“बाई, टोमॅटो घ्या,” वाहे म्हणाला.

“मऊ पडलेत.”

“मऊ नाहीत, लाजलेत. तुम्ही असं रोखून बघताय त्यांच्याकडे.”

“टोमॅटोकडे बघतेय. विकणाऱ्याने गैरसमज करून घेऊ नये.”

“विकणारा पण ताजा आहे. सकाळीच तोडलाय.”

तिने ओठ दाताखाली धरले. हसायची बंदी. पडद्यावर त्याच वेळी तुमचं पथक बंदुका रोखून गल्लीत शिरत होतं. गल्लीच्या तोंडाशी अक्षरं होती — ‘मोसुल, इराक’. आभाळ पिवळं, भिंती पिवळ्या, कोपऱ्यात एक उंट. नहरीन मोसुलमध्ये वाढली. तिथे वर्षातून दोनदा वसंत येतो असं तिथली माणसं सांगतात. नदीकाठ हिरवागार, गच्चीवर जाई. उंट तिने पहिल्यांदा पाहिला तो सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात, तिकीट काढून. तुम्ही अख्ख्या शहराला हळद फासलीत. लग्नाची नव्हे, तुमच्या आळसाची.

दुपारी दोघं झाडाखाली बसून डबा खात होती. खजूर भरलेली तिची इराकी बिस्किटं, क्लेचा, त्याने न विचारताच उचलली.

“मागच्या वर्षी मी रशियन होतो,” तो तोंड भरून म्हणाला.

“रशियन येतं तुला?”

“छे! घोगरा आवाज काढून खोकायचो. त्याआधी इराणी. मध्ये एकदा कोलंबियाचा माफियासुद्धा. वॉशिंग्टनचं कोणाशी वाजलं की थोड्याच दिवसांत आपल्याला फोन येतो. वर्तमानपत्र घ्यायची गरजच नाही.”

“आणि पुन्हा मैत्री झाली की?”

“मग त्याच देशाचा एक सज्जन पोलीस येतो.”

“बरं आहे की!”

“पुढच्याच भागात मरतो.”

ती खळखळून हसली. वरून एक फूल टपकलं आणि तिच्या डब्यात पडलं. ते काढायला दोघांचे हात एकदमच पुढे गेले... आणि एकदमच मागे आले. मग फूल तसंच राहिलं, क्लेचाच्या चुऱ्यात.

त्यानंतर मार्नीने त्यांची जोडी मोडली नाही. दिवस त्या गोल फेऱ्यांत विरघळत गेले. त्याने तिला कलिंगड विकलं, मोडकी छत्री विकली, एक आजारी बकरीही विकली. दंगलीच्या दृश्यात तो ओरडत होता, “हिने माझी झोप पळवली! धरा हिला!” आणि ती उलट ओरडत होती, “पुरावा काय? पुरावा दाखव!” आजूबाजूची माणसं मन लावून दंगल करत होती. दोघांचं प्रेम सगळ्यांसमोर चाललं होतं, तुमच्याच मायक्रोफोनमध्ये, आणि एकाच्याही कानाला टोचत नव्हतं.

मालिकेच्या मोसमाचं शेवटचं काम आलं. पुन्हा तोच बाजार. थोड्या वेळाने वरून विमान येणार, तुमच्याच पथकाने बोलावलेलं. दिवा लाल झाला. ती टोमॅटोची वाट बघत होती, पण वाहे गप्प. अर्धी फेरी तशीच गेली. मायक्रोफोनजवळ येताच तो हळू आवाजात म्हणाला,

“फार थांबलो. आता थांबवत नाही. शुक्रवारी येतो. तुझ्या घरच्यांना तयार राहायला सांग. तू फक्त हो म्हण...”

तिचं पाऊल अडखळलं. दिवा विझला. मार्नी टाळ्या वाजवत म्हणाली, “झालं! घरी जा सगळे.”

बाहेर ऊन उतरत होतं. नहरीनच्या कानांत तेच वाक्य घुमत होतं, पण तोंडून निघालं दुसरंच.

“ते... टोमॅटोंपैकीच होतं का?”

वाहेचा चेहरा उतरला. “तुला काय वाटलं?”

“मला काय वाटणार? तिथे तू माझा भाऊ झालायस, नवरा झालायस, दोनदा माझ्या मांडीवर मेलायस. त्यातलं कुठलं खरं धरू? आम्ही एकदा एक घर खरं धरलं होतं, वाहे. एका सकाळी अतिरेक्यांनी ‘ख्रिस्ती’ म्हणून दारावर खूण केली आणि घर गेलं. मला आता पटकन धरवत नाही काही.”

ती खरंच विचारत होती. त्याला मात्र ती टाळतेय असं वाटलं.

“मग राहू दे,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता गाडीकडे गेला.

शुक्रवारी तिने घर आवरलं, क्लेचा भाजली, निळा झगा घातला. बाबांनी विचारलं तर म्हणाली, “उगाच.” अंधार पडेपर्यंत ती खिडकीशी होती. कोणी आलं नाही. त्याचा फोन आला नाही, आणि तिनेही केला नाही. अपमान दोघांनी सारखा वाटून घेतला.

नीलमोहर झडून गेला. एका मंगळवारी बाबा टीव्हीसमोर बसले. बाबांना, म्हणजे बेहनाम ह्यांना, ‘पथक नऊ’ बघायची भारी हौस. लेकीचा आवाज ओळखायचा आणि मग सोफ्यावरून तुमच्यावर ताशेरे ओढायचे.

“हे बघ, उंट आला. ह्यांच्याकडे एकच उंट आहे वाटतं. गेल्या वर्षी हाच अफगाणिस्तानात होता.”

“बाबा, ऐकू द्या.”

बाजार आला. पथकाचा अधिकारी भिंतीआड दबा धरून होता. तेवढ्यात गर्दीचा आवाज मंद झाला, संगीत थरथरू लागलं आणि त्यातून एकट्या वाहेचा आवाज वर आला. स्वच्छ, अगदी जवळ. “फार थांबलो... आता थांबवत नाही... शुक्रवारी येतो...”

आणि पडद्याखाली तुमची पांढरी अक्षरं उमटली — ‘फार वाट पाहिली. आता थांबणं नाही. शुक्रवारी स्फोट. सगळ्यांनी तयार राहा.’

अधिकाऱ्याने मान हलवली. विमान आलं, बॉम्ब टाकून गेलं. बाजार गेला. त्याच्या पुढच्याच दृश्यात पथक लॉस एंजेलिसच्या बारमध्ये बिअर पीत होतं.

नहरीनच्या हातातला पेला तसाच राहिला. बाबांनी रिमोट उचलला, मागे नेलं, पुन्हा लावलं. डोळे मिटून ऐकलं. परत एकदा लावलं.

“कोण आहे हा हलबी, हा अलेप्पोवाला?”

“बाबा, ती खालची ओळ खोटी आहे! तो तसं—”

“ओळ कोण वाचतंय? मला अरबी येतं. हा पोरगा कोणाच्या घरी येणार होता शुक्रवारी?”

तिचे कान लाल झाले.

“आणि तू हो का नाही म्हणालीस?”

“मला कळलंच नाही तो खरं बोलतोय की काम करतोय...”

बाबांनी टीव्ही बंद केला. “तुला नाही कळलं? त्याचा आवाज कापतोय, पोरी. ह्या अख्ख्या तासात खरं बोललेलं वाक्य एकच आहे, आणि नेमकं त्याच्याच खाली त्यांनी खोटं लिहिलं.” उठता उठता ते पुटपुटले, “फार घोळवतात शब्द हे हलबी. पण पोरगा बरा वाटतो.”

रात्रभर पाऊस पडून गेल्यावर अंगण दिसावं, तसं नहरीनला सगळं लख्ख दिसलं. आता एकच उरलं होतं. त्याच्या वाक्याला उत्तर द्यायचं. पण कोणत्या वाक्याला? जगाच्या लेखी तो प्रेम करतो असं कधी म्हणालाच नव्हता. तो बॉम्ब ठेवणार होता.

आणि मग तुम्हीच दोघांना परत बोलावलंत.

स्टुडिओच्या दाराशी वाहे उभा होता. थोडा वाळलेला.

“पाहिलंस?” त्याने विचारलं.

“पाहिलं. बाबांनी पण.”

“अरे देवा... त्यांना मी अतिरेकी वाटलो असेन.”

“नाही. त्यांना तू जावई वाटलास.”

तो काही बोलणार, इतक्यात मार्नी आली. नेहमीसारखी हसली नाही. दोघांना आत नेता नेता नहरीनच्या कानात म्हणाली, “आज खुद्द साहेब बसलेत. निमूट बोल आणि मोकळी हो. नाहीतर पुन्हा बोलावणार नाहीत तुला.”

काचेपलीकडे तुम्ही होतात, हातात कॉफी घेऊन, अगदी खुशीत.

“तो शुक्रवारवाला आवाज!” तुम्ही म्हणालात. “अंगावर काटा आला सगळ्यांच्या. पुढच्या मोसमात तोच धागा. आता त्याला एका बाईचं उत्तर हवंय, त्याच्या साथीदारणीचं. हळू, थंड आवाजात. तुमच्या भाषेत काहीही बोला. खाली इंग्रजी शब्द आम्ही टाकू.”

“त्या बाजारातल्या माणसांचं पुढे काय झालं?” नहरीनने विचारलं.

“कुठली माणसं?”

“टोमॅटो घेणारी. विमान आपलंच होतं ना?”

तुम्ही शेजारच्याकडे पाहिलंत. तो खांदे उडवून म्हणाला, “त्यांचं कथेत काही नाही.” आणि तुम्ही हात हलवलात. चला, सुरू करा.

दिवा लाल झाला. पडद्यावर काळ्या बुरख्यातली एक बाई, पाठमोरी. तिच्या पाठीवर नहरीनचा आवाज चिकटायचा होता. वाहे तिच्या शेजारून चालू लागला. मोज्यांतल्या पावलांचा आवाज नव्हता, फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. तो कुजबुजला, “नको बोलूस. जाऊ दे. आपण दोघं निघून जाऊ.”

ती थांबली. फेरी मोडून, मायक्रोफोनसमोर, त्याच्याकडे तोंड करून. त्याचा हात तिने स्वतःच्या हातात घेतला. गार पडला होता. आणि ती बोलली, हळू नाही, थंड नाही, आणि अरबीतही नाही. तुमच्या स्वच्छ, सोप्या इंग्रजीत बोलली, मार्नीला कळेल, तुमच्या शेजारच्याला कळेल, कॉफी आणणाऱ्यालाही कळेल असं.

“हो. वाहे, मी हो म्हणतेय. मी खिडकीशी बसून होते त्या दिवशी, आणि तू आला नाहीस, म्हणून आधी तुझ्याशी भांडणार आहे. मग लग्न करणार आहे. ह्या शुक्रवारी ये. बाबा वाट बघतायत.”

वाहेला हसू आवरेना आणि रडूही. मार्नीने तोंडावर हात ठेवला. दिवा विझवायचं कोणालाच सुचलं नाही.

नहरीनने त्याचा हात न सोडता काचेकडे मान वळवली. थेट तुमच्याकडे.

“झालं माझं उत्तर,” ती म्हणाली. “आता तुम्ही बोला. ह्याच्या खाली काय लिहिणार आहात?”