दहाव्याचा प्रवेश

खुर्ची मागायला गेलो होतो मी, बाकी काही नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण गावात अजून म्हणतात की मास्तरानं मुद्दाम केलं. मुद्दाम करायला मला काय वेड लागलं होतं? कंदील जरा बारीक करा, डोळ्यावर येतोय. हां. आता ऐका.

बहात्तर सालचा पाऊस गेला, त्यानंतरचा चैत्र. तिसगावच्या अलीकडं आमचं गाव. मी तिथं शाळामास्तर, आणि यात्रेचं नाटक दरसाल मीच लिहायचो, मीच बसवायचो. एरवी कपडे आणि सामान नगरहून यायचं. त्या साली वर्गणी कोण देणार? निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. रॉकेल मिळेना, म्हणून नाटकही यात्रेच्या भर दुपारी चावडीपुढं ठेवलं.

नाटक होतं एका बड्या बागाईतदाराचं. आमच्या पुंजाराम मालकांवरच बेतलेलं, लपवायचं कशाला. मालक दिवाळीआधी वारले होते. त्यांना मूलबाळ नव्हतं, मागं फक्त त्यांची बायको रतनबाई. मालक होते तोवर त्यांच्या विहिरीला कुलूप असायचं आणि गाव कोरड्या ओढ्यात झिरे खणायचं. नाटकातले श्रीमंत मिशीला पीळ देतात, गडगडाटी हसतात. मला त्याचा भारी तिटकारा. आमचे मालक कधी ओरडले नाहीत. इतकं हळू बोलायचे की समोरच्याला वाकून ऐकावं लागायचं. ते मला दाखवायचं होतं.

मालकाचं काम दिलं बन्सीला. ऊसतोडीला जाणारा गडी, उंच, खणखणीत आवाजाचा. पण त्याला खुर्चीत बसताच येईना. चार वाक्यं झाली की घसरून खाली यायचा आणि खुर्चीपुढं उकिडवा बसायचा.

"बसवत न्हाई वो, मास्तर. मालकावानी बसायचं म्हनलं की गुडघंच वाकत्यात."

"घरात तर लई ऐटीत बसता की," त्याची बायको छबूबाई पदराआडून म्हणायची.

तालमीला ती रोज यायची. दिवसभर खडी फोडून हाताला फोड आलेले, तरी त्याच्यासाठी थांबायची, आणि दोघं एकमेकांची टिंगल करत घरी जायची. मला त्यांचा हेवा वाटायचा. माझ्या घरी माझ्याशी भांडायलाही कुणी नव्हतं.

म्हटलं, खरी खुर्ची आणि खरा कोट मिळाला तर ह्याच्या अंगात जरा बळ येईल. म्हणून रतनबाईंकडे गेलो. मालकांची हाताची खुर्ची ओट्यावर तशीच होती. सहा महिन्यांत त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं.

"कोन बसनार?" रतनबाईंनी विचारलं.

"बन्सी."

"उंचीला बरूबर हाय," एवढंच म्हणाल्या, आणि आत जाऊन कोट घेऊन आल्या. कोटाला डांबरगोळ्यांचा वास होता. त्याच्याखाली अजून मालकांच्या तंबाखूचा वास येत होता, सहा महिन्यांनी.

आता शेवटचा प्रवेश सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मालकांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. सगळं गाव उन्हात हात जोडून उभं. एकेक जण पुढं होऊन शब्द देत होता, "मालक, बाग राखू." "मालक, देवळाचा कळस करू." कावळा झाडावर बसलेला, पण खाली उतरेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक मान खाली घालून घरी गेले. तो प्रसंग मी जसाच्या तसा उचलला. नाटकात मालकाचं भूत मागं खुर्चीत बसून बघतं, गडी शब्द देत राहतात, भूत मान हलवत राहतं. शेवटी एक गडी म्हणतो, "मालक, खुर्ची मोकळी ठिवनार न्हाई. तुमच्या जागी मानूस देतो." त्यावर भूत हळूच हसतं आणि नाटक संपतं. मालक मेला तरी गावाला मालक लागतोच, असा माझा टोमणा होता. मला तर वाटलं होतं लोक डोक्यावर घेतील.

म्हातारी भागूबाई एकटी बोलली होती, "मास्तर, पिंड खेळात मांडू नये." मी तिला उडवून लावलं. पिंडाचा भात तर रतनबाईंनीच पाठवला. त्या सालात घरात तांदूळ होता कुणाच्या?

नाटक रंगलं. ऊन असं की पिंडाखालची पत्रावळ वाळून कडकड वाजत होती. चारशे माणूस धुळीत बसलं होतं, आणि कोट घातल्यापासून बन्सी खुर्चीत नीट बसला होता. मी पडदा म्हणून बांधलेल्या चादरीमागं वही धरून वाक्यं पुरवत होतो. दहाव्याचा प्रवेश आला. गड्याचं काम करणाऱ्या गहिनीनाथानं हात जोडले.

"मालक, तुमच्या जागी मानूस देतो..."

कुठून आला देव जाणे. त्या साली गावात पाखरू दिसत नव्हतं. कावळा सरळ खाली उतरला, पिंडात चोच घातली, दोन घास घेतले आणि गेला.

कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या बायांनी हात जोडले. त्या शांततेत मला भाताचा आंबूस वास आला. सकाळी शिजवलेला भात होता तो.

"हास," मी चादरीमागून कुजबुजलो. "बन्सी, हास ना..."

त्यानं मान थोडी वळवली. माझ्याकडं बघितलं नाही.

"मास्तर, आता सांगायची गरज न्हाई."

आवाज इतका हळू की मी वाकलो. मग तो लोकांकडं वळला. "गर्दी कशापायी? कामाला लागा. अन् हिरीला कुलूप घाला."

आणि लोक उठले हो. चारशे माणसं धोतर झटकत उठली, एकमेकांकडं न बघता चालू लागली. यात्रेच्या दिवशी कसलं काम? पण गेली. विहिरीला कुलूप घातलं ते गहिनीनाथानं, स्वतःच्या हातानं.

बन्सी मालकांच्या घराकडं निघाला. छबूबाई आडवी आली. आधी तिला गंमतच वाटली असावी. तिनं त्याची बाही धरली. "चला की आता. कालवान गार व्हतंय."

तो तिच्या हाताकडं बघत राहिला. ती हात सोडीपर्यंत बघत राहिला. मग मागच्या माणसाला म्हणाला, "हिला पायलीभर जवारी द्या. दुष्काळ हाय."

नाटक करतोय, पोटाची सोय बघतोय, असं मी रात्रभर स्वतःला बजावलं. अजूनही तसंच असतं तर बरं, असं वाटतं मला. सकाळी उठलो ते ठरवूनच, की दंडाला धरायचं, दोन थोबाडीत द्यायच्या आणि म्हणायचं, बन्स्या, चल घरी. खुर्ची पुन्हा ओट्यावर आली होती आणि तो तिच्यात बसला होता, मागं रेलून. मी पायरीपाशी गेलो, आणि तोंडातून आलं, "रामराम, मालक."

लाज वाटली. आज सांगतानाही वाटते.

तेवढ्यात रतनबाई चहा घेऊन बाहेर आल्या. सहा महिने ज्यांचं पांढरं कपाळ सगळ्या गावानं बघितलं होतं, त्यांच्या कपाळावर कुंकू होतं. ठसठशीत, ओलं. त्यांनी चहा त्याच्या हातात दिला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. रस्त्यानं दोन बाया चालल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि तशाच पुढं गेल्या.

छबूबाई माझ्या मागं उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. तिची नजर रतनबाईंच्या कपाळावर खिळली होती. ती रडत नव्हती. मला वाटलं, आता ओरडेल, दगड उचलेल. उचलला असता तर मीही उचलला असता, देवाशपथ.

ती माझ्याजवळ आली आणि स्वतःच्या कपाळाला बोट लावून अगदी हळू म्हणाली, "मास्तर, समद्यांनी काय बोलायचं ते तुमीच लिव्हलं हुतं न्हवं? मग आता मला बी सांगा... ह्ये मी ठिवू, का पुसू?"