तळ्याच्या तोंडाशी

हिमालयाच्या धौलाधार रांगेतलं ते तळं जोधाला जितकं ठाऊक होतं, तितकं ते घडवणाऱ्या महादेवालाही नव्हतं. निदान जोधा तसं सांगे. तळ्याला कुणी विचारलं नव्हतं.

तळ्यापलीकडच्या कुरणात वीस मेंढ्या अडकल्या होत्या. त्याचे व्याही घुंगर यांनी त्या विश्वासानं त्याच्याकडे राखणीला दिल्या होत्या. बर्फ अवचित पडला, माझा काय इलाज, असं जोधानं कळवलं होतं. खिंड बंद व्हायच्या आत मेंढ्या आणल्या नाहीत, तर लेकीला सासरी मान वर करायची सोय नव्हती. म्हणून तो, व्याही आणि विहीण चैनीबाई चढून आले होते.

तिन्ही बाजूंना उभे कडे. उत्तरेच्या हिमनदीचं पाणी तळ्यात उतरे आणि दक्षिणेच्या दगडधोंड्यांच्या बांधातून नदी होऊन निसटे. त्या तोंडाशी तळं जेमतेम तीस पावलं रुंद, पांढरंशुभ्र गोठलेलं. दरडीवरून वळसा म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस!

चैनीबाई म्हणाल्या, खालून पाणी वाहतं तिथला बर्फ कच्चा असतो. जोधा नुसता हसला आणि निघाला.

दहा पावलं. पंधरा. कडाड्!

जोधा छातीपर्यंत आत! खालची धार पाय ओढू लागली. व्याह्यांनी कमरेला वेढे देऊन बांधलेला लांब, जाड लोकरी दोरा भराभर उलगडून फेकला. चार हात कमी पडला.

"तुमचा दोरा सोडा! टोक इकडे फेका!" चैनीबाई ओरडल्या.

जोधाचा हात कमरेशी थबकला. दोऱ्याचे वेढे सुटले की गद्दी मेंढपाळाचा झग्यासारखा चोळा पार मोकळा. आणि समोर साक्षात विहीण!

"आधी पाठ फिरवा," तो बुडताबुडता म्हणाला.

"अहो, मराल!"

"पाठ!"

बाई वळल्या. दोरा आला. व्याह्यांनी गाठ मारली, बाईंनी तो पाठमोऱ्याच खांद्यावर घेतला आणि दोघांनी जोर लावला. कडा तुटली. पुन्हा ओढलं! जोधा काठावर आला.

मग चैनीबाई एकट्याच दरडीवरून गेल्या आणि दिवस मावळायच्या आत वीसच्या वीस मेंढ्या घेऊन आल्या.

दगडी आडोशाला शेकोटीपुढे जोधा विहिणीची शाल गुंडाळून बसला होता. मान वर होईना. शेवटी तो उठून शेकोटीपुढे उभा राहिला.

"व्याही, बर्फ अवचित नव्हता पडला. आभाळ भरलेलं दिसत होतं. मेंढ्या तशाच सोडून मी जत्रेला गेलो. चार दिवस नाचलो."



"ठाऊक आहे," चैनीबाई म्हणाल्या. "त्याच फेरात तुमच्या मागे मी नाचत होते. आता जरा बाजूला सरा, ऊब अडवताय."