खालची पापणी

बेदाण्याच्या शेडवर टेंपो आपला आपण मागे येऊन लागतो, याचं तासगाव भागात आता कुणालाच अप्रूप उरलं नव्हतं. द्राक्षाच्या बागेतून क्रेट भरून निघायचं, धक्क्याला पाठ लावायची, फाळका उघडायचा. ड्रायव्हर नाही, क्लीनर नाही. अप्रूप होतं ते हणमंत लोहाराचं. गावातला साधा पत्रेवाला, पण त्याने टेंपोच्या कंपनीला शहाणपण शिकवलं होतं.

झालं होतं असं. या टेंपोंच्या फाळक्याला खालच्या अंगाला संवेदक असायचे, लोक त्यांना डोळेच म्हणायचे. माणसाच्या अंगाची ऊब आणि हालचाल त्यांना कळायची, की टेंपो जागच्या जागी थांबायचा. पण बागेत ठिबकचा चिखल. चाकांनी तो उडवला, की डोळे माखायचे आणि टेंपो आंधळ्यासारखा वाटेत उभा राहायचा. हंगाम ऐन भरात, आणि क्रेट उन्हात! कंपनीचे लोक काचा बदलून दमले. हणमंताने चार बोटं रुंद पत्रा घेतला, वाकवला आणि प्रत्येक डोळ्याखाली खालची पापणी बसवली. मग स्वतः फाळक्यामागे छाती काढून उभा राहिला. टेंपो तीनदा मागे आला, तीनदा थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीने ती पापणी आपल्या सगळ्या टेंपोंना लावली. हणमंत दोन हंगाम हवेत होता, खोटं कशाला बोला?

पण शेडवरची एक रीत त्या टाळ्यांत कुणाला आठवली नाही. क्रेट उतरवताना खाली सांडलेले मणी बायकांचे. कुणी सांगायचं नाही, कुणी अडवायचं नाही. बायका फाळक्याखाली उकिडव्या बसून ते पदरात वेचतात. हणमंताला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? त्याची आई असेच मणी वेचून आणायची, आणि तो ते खाऊन वाढला होता.

यंदा फाल्गुनात शालनवैनी तशाच बसल्या होत्या. हणमंताच्या थोरल्या भावाची ही बायको. आई गेल्यावर त्यांनीच त्याला दोन वेळचं करून घातलं होतं. टेंपो धक्क्याला नीट लागायला हातभर मागे सरला, आणि सरतच राहिला. वैनींचा डावा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. चौकशीत ठरलं, की टेंपोमागे बसू नये ही पाटी लावलेली होती. वैनीही सगळ्यांना तेच सांगायच्या: चूक माझीच, मीच कशाला वाकले!

तिसऱ्या दिवशी हणमंत फाळक्यापाशी गेला आणि खाली वाकून डोळ्याच्या बरोबरीने बघायला लागला. पापणीच्या कडेवरून उभ्या माणसाची छाती दिसत होती. बसलेलं माणूस दिसत नव्हतं. डिझाइन बदलायचंय असं सांगून त्याने गावातल्या टेंपोंच्या पापण्या काढल्या, आणि तोंड शिवून घेतलं. एवढ्याने निस्तरलं, असं त्याला वाटलं.

पण निस्तरलं नव्हतं. पंधरवड्याने कंपनीची इंजिनीअर रेवती कोरे आली. बसलेल्या माणसासाठी टेंपो अजूनही थांबत नव्हते. या सगळ्या टेंपोंची आठवण एकच असते, एकाने पाहिलेलं सगळ्यांना कळतं, हे तिने त्याला समजावलं.

"दोन हंगाम त्यांना कमरेखाली कधी माणूस दिसलंच नाही, काका. आता दिसतं, पण ते त्याला सावली समजून सोडून देतात. असं का झालं, तेच आम्हाला कळत नाहीये."

हणमंताने अडगळीतून एक पापणी काढली आणि तिच्यासमोर ठेवली.

उपाय एकच होता. टेंपोला पुन्हा शिकवायचं. पुतळे चालणार नव्हते, त्यांना ऊब नसते. जिवंत माणसाने मागे बसायचं, आणि टेंपो थांबला नाही तर दुसऱ्याने हातातलं लाल बटण दाबायचं. दाबलं, की चूक झाली हे टेंपोला कळतं. असं शेकडो वेळा. बसणार मी, असं हणमंताने सांगून टाकलं. बटण कुणाकडे द्यायचं, तेही त्यानेच ठरवलं.

दुपारी त्याने वैनींना चाकांच्या खुर्चीवरून शेडवर आणलं. पापणीचं सगळं सांगितलं, आधीच का बोललो नाही तेही सांगितलं. भीती वाटली म्हणाला. वैनी ऐकत होत्या. त्याने त्यांच्या हातात बटण दिलं, फाळक्याखाली जाऊन उकिडवा बसला आणि टेंपोकडे पाठ केली. रेवतीने खूण केली. टेंपो मागे सरू लागला. चाकांखालची खडी करकरली. हात, दीड हात... आणि मग खट्कन सगळं थांबलं. पाठीला पत्रा टेकायला वीतभर अंतर राहिलं होतं.

टेंपो आपणहून थांबला नव्हता. वैनींचा अंगठा बटणावर होता, पांढरा पडलेला. हणमंताने मान वळवली, पण त्याला त्यांच्याकडे बघवेना. रेवतीने टेंपो पुन्हा पुढे घेतला.

"पुन्यांदा बसा," वैनी म्हणाल्या. तो बसला. मागून त्यांचा आवाज आला, राग नसलेला, नुसता दमलेला.

"भावजी, तवा एकदा तरी असं हितं बसून का बगितलं न्हाई?"