मागच्या आवारातलं मीठ

हेमचंद्रने दहा किलो खडेमीठ मागितलं तेव्हा दुकानदार हसला. "इतना नमक? अचार डालना है क्या साब?"

"अर्थिंग के लिए," हेमचंद्र म्हणाला आणि पिशवी सायकलला अडकवून निघाला. एक्याण्णव सालचा तो एक साधा बुधवार होता.

गुडीहत्नूरच्या बँकेत कारकुनी आणि घरी भजनांचं रेकॉर्डिंग, असा त्याचा दुहेरी संसार. मधल्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर, माइक, कॅसेट डेक. भिंतींना गोणपाट आणि गोधड्या. यंत्रांची बडदास्त जावयासारखी, पण प्लगची तिसरी पिन मात्र साहेबांनी स्वतःच्या हाताने कापून टाकलेली. का, तर सॉकेटात बसत नव्हती! भजनी मंडळींना माइकचा चिमटा बसायचा आणि ती बिचारी हसण्यावारी न्यायची. पण काल तो झटका त्याच्या आईच्या ओठांना बसला.

द्वारकाबाईंच्या घशात गाठ होती. शुक्रवारी नागपूरला डॉक्टर त्यांची आवाजाची पेटीच काढणार होते. त्यानंतर ओव्या नाहीत, "हेमू" ही हाक नाही. त्याआधी आईचा आवाज टेपवर उतरवून ठेवायचा, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. आणि टेपवर तर आवाजाखाली एकसारखी घुंऽऽ. त्याने ट्यूबलाइट बंद केली, फ्रिज बंद केला, पंख्याचा रेग्युलेटर काढून ठेवला. घुं हटेना. तो अगदी रडकुंडीला आला होता.

"घराले अर्थिंगच नाई ना, साहेब," वायरमन खुशालने सकाळीच सांगितलं होतं. "झटका बी त्याच्यानंच अन् घुं बी त्याच्यानंच. मांगं खड्डा खांदू."

आई दुपारची निजली होती. मागच्या आवारात, कढीपत्त्याच्या झाडापाशी खुशालने पहार घातली. कमरेएवढं खोल गेल्यावर पांढरं लागलं. खडेमीठ. कोरडं, ओंजळभर.

"जुनी अर्थिंग दिसून राह्यली. आयती जागा भेटली."

घरात वीज आली ती हेमचंद्र सहावीत असताना. तेव्हा कोणी खड्डा खणल्याचं त्याला आठवत नव्हतं. शिवाय इतक्या पावसाळ्यांत मीठ विरघळायला नको होतं का? पण हातात एकच संध्याकाळ होती. त्याने विचारलं नाही. खुशालने तांब्याची पट्टी उभी गाडली, तिला जाड वायर जोडली, वर मीठ-कोळशाचे थर दिले आणि दोन बादल्या पाणी ओतलं. मग तीन पिनांचा नवा सॉकेट आणि नवा प्लग बसवला, टेस्टर लावून पाहिला. "आता बिनधोक बोला माइकमंधी," म्हणून तो गेला.

दिवेलागणीला हेमचंद्रने हेडफोन लावले. घुं गेली होती. पार गेली होती. आणि त्या शांततेत कोणीतरी श्वास घेत होतं... लहानसा, भरभर. त्याने माइक बंद केला. श्वास चालूच राहिला. त्याने स्वतःला समजावलं की टेपचा आवाज असेल.

माइक पुन्हा सुरू करून त्याने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. "म्हण, आई. ओव्या म्हण."

द्वारकाबाईंनी तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. मागच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. मग घोगऱ्या आवाजात त्यांनी पाळणा धरला. हेमचंद्रने हा पाळणा जन्मात ऐकला नव्हता. बाळाचं नाव यायच्या जागी त्या दर वेळी गप्प होत होत्या, आणि तेवढ्यापुरता हेडफोनमधला श्वासही थांबत होता. वाट पाहिल्यासारखा.

"आई... हे कोणाचं?"

"तुज्या आधीचा. तीन दिवसाचा होता." त्यांचे डोळे अजून भिंतीकडेच. "बारसं बी झालं न्हाई. मिठात ठेवला त्याले, कढीपत्त्यापाशी. निजला होता रे तो... काऊन उठवलं तुमी?"

हेमचंद्रला स्वतःची भयंकर लाज वाटली. पहाटेच्या बसआधी त्याने पट्टी उपसून काढली, खड्डा बुजवला, खोलीतले सगळे प्लग भिंतीतून ओढून काढले.

ऑपरेशन नीट पार पडलं. वीस दिवसांनी मायलेक परत आले. गळ्याला फडकं बांधलेली आई खुणेनेच पाणी मागायची, आणि हेमचंद्रला तिच्याकडे पाहवत नसे. एका दुपारी मात्र त्याला राहवलं नाही. निदान तो पाळणा तरी ऐकू, म्हणून त्याने मधली खोली उघडली. खिडकीतून आवार दिसत होतं. आई कढीपत्त्यापाशी मांडी घालून बसली होती. तळहात जमिनीवर, ओठ हलत होते. आवाज अर्थातच नव्हता. 

तो डेककडे वळला. डेकवर आवाजाच्या चढउताराबरोबर डुलणारा एक छोटा काटा असतो. तो डुलत होता. आईच्या ओठांबरोबर, सावकाश, पाळण्याच्या लयीत.

प्लग त्याच्या पायाशी जमिनीवर पडलेला होता.

हेमचंद्र खिडकीला धरून उभा राहिला. बाहेर आईने पाळणा संपवला आणि ओठ मिटले. काटा खाली आला. क्षणभर निश्चल राहिला. मग भरभर हलू लागला, आणि बाहेर आई मान डोलावत कौतुकाने ऐकत होती.